शेणोलीची गाडी आणि ओक्लाहोमाचे तेल

आमच्या सातारा-सांगलीकडच्या वाचनालयांत दोन जातींच्या पुस्तकांचे पुठ्ठे सर्वांत आधी निखळतात. एक ऐतिहासिक कादंबऱ्यांचे आणि दुसरे रहस्यकथांचे. बाकीची पुस्तके कपाटात शिस्तीने उभी असतात. ही दोन मात्र सदैव कोणाच्या तरी उशाखाली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचा धनंजय, झुंजार व काळापहाड ह्यांना ओळखत नाही असा एकही माणूस आमच्या वडिलांच्या पिढीत नसेल. पुढे गुरुनाथ नाईक आले. त्यांच्या मागोमाग अमेरिकन मंडळी मराठीत अनुवादित होऊन दाखल झाली. रॉबिन कुकच्या इस्पितळांत रोग्यांचे काय होते ते वाचून आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी हर्नियाची शस्त्रक्रिया वर्षभर पुढे ढकलली. ग्रिशमचे वकील, डॅन ब्राऊनचे चर्चमधले संकेत, सगळे आता सांगलीच्या बसस्टँडवर हळदीच्या व्यापाऱ्याच्या हातातही दिसते. ह्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. रात्री दोनपर्यंत माणसाला जागे ठेवणे ही सोपी कला नव्हे. वर्गात पंचेचाळीस मिनिटे मुलांना जागे ठेवताना आमची काय दशा होते ते आम्हीच जाणतो.

परंतु गेल्या काही वर्षांत एक निराळाच प्रकार हाती येऊ लागला आहे. अमेरिकेत इतिहासाची पुस्तके रहस्यकथेसारखी लिहितात. तळटीपा खऱ्या, कागदपत्रे खरी, माणसे खरी; आणि मांडणी अशी की पुढचे पान उलटल्यावाचून जेवायला उठवत नाही. एरिक लार्सन ह्यांचे २००३ साली निघालेले शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनावरचे पुस्तक घ्या. हेच ते प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. आपल्याला त्या शिकागोची एवढीच बाजू ठाऊक. लार्सन एका बाजूला ते शुभ्र नगर उभारणारा वास्तुकार डॅनियल बर्नहॅम ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला त्याच शहरात राहून माणसे मारणारा होम्स नावाचा डॉक्टर. वाचताना मजा येते हे कबूल. पण खून आणि बांधकाम ही दोन कथानके एकमेकांना शिवतच नाहीत. शिवण दिसत राहते. मला ते पुस्तक हुशार वाटले, मोठे वाटले नाही.

मोठे वाटले ते डेव्हिड ग्रॅन ह्यांचे, २०१७ सालचे. मार्टिन स्कोर्सेसी ह्यांनी त्यावर २०२३ साली चित्रपट काढला, त्यामुळे पुष्कळांना गोष्ट ठाऊक असेल. ओक्लाहोमा प्रांतात ओसेज नावाची रेड इंडियन जमात. गोऱ्यांनी हुसकत हुसकत त्यांना एका खडकाळ, नापीक तुकड्यावर आणून सोडले. त्या खडकाखाली तेल निघाले! जमिनीखालच्या संपत्तीचा हक्क जमातीने शहाणपणाने सामायिक राखला होता, म्हणून प्रत्येकाला त्याचा हिस्सा मिळू लागला आणि १९२० च्या सुमारास ही माणसे जगातील श्रीमंतांत गणली गेली. मग सरकारने ठरविले की ह्यांना पैसा सांभाळण्याची अक्कल नाही, सबब ह्यांच्यावर गोरे पालक नेमावेत. आणि मग माणसे मरू लागली. मॉली बर्कहार्ट नावाच्या बाईची एक बहीण झिजून गेली, दुसरीला १९२१ साली गोळी घातली, आई गेली, तिसऱ्या बहिणीचे घर १९२३ साली सुरुंगाने उडविले. मारेकऱ्यांचा सूत्रधार विल्यम हेल हा गावातला प्रतिष्ठित पशुपालक, ओसेजांचा हितचिंतक म्हणवणारा. आणि कटात खुद्द मॉलीचा नवरा.

इथपर्यंत ही पक्की रहस्यकथा आहे. वॉशिंग्टनहून टॉम व्हाईट नावाचा सचोटीचा अधिकारी येतो, वेषांतर केलेले हेर पेरतो, हेल गजाआड जातो. अर्नाळकरांनी येथे पुस्तक संपविले असते, आणि वाचक सुखाने झोपला असता. ग्रॅन येथे थांबत नाहीत. तिसऱ्या भागात ते स्वतः दप्तरखान्यात जाऊन बसतात, जुन्या पालकांच्या वह्या उघडतात, आणि एकेका पालकाच्या नावाखालच्या ओसेजांपुढे ‘मयत’, ‘मयत’, ‘मयत’ असे शेरे त्यांना दिसू लागतात. सरकारी हिशेबाने बळी चोवीस. प्रत्यक्षात ते कितीतरी अधिक असावेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कोणी तपासही केला नाही. हेल एकटा नव्हता. डॉक्टर, सावकार, वकील, प्रेते पुरणारे, सगळा गाव त्या तेलावर जगत होता. रहस्यकथेला एक खुनी पुरतो. इतिहासाला तो पुरत नाही, हे त्या वहीइतके स्पष्ट मला दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने दाखविले नाही.

हे पुस्तक वाचताना माझे मन वारंवार कुंडलकडे धावत होते, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

टॉम व्हाईटला ओसेजांच्या मुलखात तपास करता आला ह्याचे एक कारण हद्दीत आहे. प्रांताचे पोलीस आणि न्यायाधीश हेलच्या खिशात होते. पण हेन्री रोन नावाच्या माणसाचा खून झाला ती जमीन रेड इंडियनाची राखीव असल्याने खटला मध्यवर्ती सरकारकडे जाऊ शकला. अमेरिकन रहस्यकथांत हे पदोपदी येते. दरोडेखोर प्रांताची सीमा ओलांडतो आणि मागचा शेरीफ काठावर हात चोळत उभा राहतो. आता आपल्या भागाचा १९४२ चा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. तो १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला आणि १९६० साली त्याला सांगलीचे नाव मिळाले. त्यापूर्वी वाळवा, तासगाव, खानापूर हे इंग्रजी साताऱ्यात, सांगली पटवर्धनांची, मिरजेची संस्थाने दोन, एक थोरली पाती व एक धाकटी, जत वेगळे, फलटण वेगळे, आणि औंध तर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले. कुंडल आणि शेजारची किर्लोस्करवाडी औंधात, आटपाडीही औंधात. दोन शेते ओलांडली की राज्य बदलले! इंग्रजी फौजदाराला औंधच्या हद्दीत शिरायचे तर लिहापढी आली. त्यात औंधच्या राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ सालीच गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्य देऊन टाकलेले. भूमिगतांनी कुंडलला तूफान सेनेचे ठाणे केले त्यात ह्या बांधबंदिस्तीचा वाटा केवढा असेल, ह्याचा विचार आमची पाठ्यपुस्तके करीत नाहीत. तेथे फक्त ‘साताऱ्यात प्रतिसरकार स्थापन झाले’ एवढी एक ओळ आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचा फेट्यातला फोटो.

ह्या प्रतिसरकारात रहस्यकथेला लागणारे सर्व साहित्य भरपूर आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन जाणारी आगगाडी अडवून लुटली. २४ जुलैला वसंतदादा पाटील व त्यांच्या सोबत्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. भर पावसाळा, कृष्णा फुगलेली, मागे पोलीस. त्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे पडले, आणि गोळी लागलेले वसंतदादा पुन्हा पकडले गेले. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, ह्याच मंडळींनी पार खानदेशात जाऊन धुळ्याजवळ चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. नाना पाटील वर्षानुवर्षे पोलिसांना सापडले नाहीत. १९४६ साली कराडला उघड झाले. ज्यांच्यामागे इंग्रज सरकार रान उठवीत होते, त्यांतले एक पुढे मुख्यमंत्री झाले व दुसरे १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. असे शेवट कादंबरीत घातले तर प्रकाशक म्हणेल, गुरुजी, जरा आवरा.

आणि नेमकी येथेच मला धास्ती वाटते. गेली पाऊणशे वर्षे आम्ही शेणोलीची गाडी सांगत आलो आहोत. ती सांगायला सोपी आहे. सुमारे दीडशे गावांत रात्री चावडीवर वा देवळात न्यायदान मंडळे बसत, बांधाचे आणि सावकारीचे तंटे तोडीत, दारूच्या भट्ट्या बंद करीत, हार आणि टाळ्या एवढ्यावर गांधी पद्धतीची लग्ने लावीत, वाचनालये काढीत, हे सांगायला अवघड आहे. त्यात पाठलाग नाही. मी वर्गात गाडीची हकिगत सांगितली तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत सर्व माना वर झाल्या. न्यायदान मंडळ म्हटल्यावर त्या एकेक करून खाली गेल्या. परंतु गाड्या लुटणाऱ्या टोळ्या जगात पुष्कळ झाल्या. फौजदारी कचेरीकडे पाठ फिरवून शेजाऱ्याच्या निवाड्यावर विश्वास ठेवणारा शेतकरी ही खरी नवलाईची गोष्ट, आणि तो विश्वास कोठून आला हा खरा शोधाचा विषय.

दुसरी अडचण ‘पत्री’ ह्या शब्दाची. प्रतिसरकारचे लोकांच्या तोंडी पत्रीसरकार झाले. फितुरांच्या पायांना घोड्याची पत्री ठोकतात, अशी वदंता त्यामागे. चळवळीतली माणसे सांगत की तळपायावर काठीचे फटके मारीत, बाकीची लोकांनी लावलेली फोडणी. फोडणी असो की नसो, काठीचे फटके काही थोडे नाहीत. शिक्षा झालेल्यांत गावगुंड व दरोडेखोर होते, पोलिसांना बातम्या पुरविणारे होते. आणि गावकीचे जुने हेवेदावे ठाऊक असणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडेल की प्रत्येक फितूर खरोखर फितूर होता का. हा प्रश्न विचारल्याने नाना पाटलांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. ग्रॅन आपल्या देशाच्या दप्तरात बोट घालतात तसे आम्ही आमच्या दप्तरात घालायला भितो, एवढेच. आमच्याकडे गोष्ट नायकाच्या जयजयकारावर संपावी लागते.

ते धाडस आमच्याकडे केले ते, योगायोग पाहा, एका अमेरिकन बाईनेच. गेल ऑम्व्हेट १९४१ साली मिनिआपोलिस शहरात जन्मल्या. संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या, सत्यशोधक चळवळीवरचा त्यांचा प्रबंध बर्कले विद्यापीठाने १९७३ साली मान्य केला व तो १९७६ साली ग्रंथरूपाने निघाला. वाळवा तालुक्यातील कासेगावच्या भारत पाटणकरांशी त्यांनी लग्न केले, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि अखेरपर्यंत कासेगावात राहिल्या. त्यांच्या सासूबाई इंदूताई पाटणकर आणि सासरे बाबूजी दोघेही प्रतिसरकारातले. म्हणजे आपल्या विषयाचे जिवंत साधन ज्यांच्या चुलीजवळ बसलेले असते असे भाग्य फार थोड्या इतिहासकारांना लाभते! बेचाळीसच्या लढ्यावरच्या एका लेखसंग्रहात त्यांनी १९८८ साली साताऱ्याच्या प्रतिसरकारावर दीर्घ निबंध लिहिला.

खरे सांगायचे तर ऑम्व्हेटबाईंचे इंग्रजी ग्रॅनसारखे पळत नाही. वर्ग, जात, जमीनधारणा असे शब्द ओलांडीत जावे लागते, आणि माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला शब्दकोश हाताशी ठेवूनच बसावे लागले. पण त्या जो प्रश्न विचारतात तो कोणत्याही हेराला शोभेल असा आहे. गाडी कोणी लुटली हे सगळ्यांना ठाऊक आहे. ह्या माणसांना चार वर्षे भाकरी कोणी घातली, आणि का घातली? त्यासाठी त्या १९४२ वरून मागे जातात. १९१९ ते २१ ह्या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनदारांविरुद्ध केलेला उठाव, गावोगाव फिरलेले सत्यशोधकी जलसे, भटजीवाचून लावलेली लग्ने. चावडीवरच्या रात्रीच्या न्यायाला मन तयार झाले ते तेथे. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला पटतात असे नाही. काँग्रेसच्या गावोगावच्या कार्यकर्त्याचे माप त्यांच्या तागडीत थोडे हलके भरते. पण धागा त्यांनी पकडला आहे.

आणि हा धागा अमेरिकेशी पूर्वीच बांधलेला आहे. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे, सावित्रीबाई नायगावच्या. दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातली. जोतीरावांनी तरुणपणी अमेरिकन क्रांतीचा लेखक टॉमस पेन वाचला, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला. बरोबर शंभर वर्षांनी त्या समाजावरचा प्रबंध अमेरिकेत मान्य होतो आणि लिहिणारी बाई कृष्णाकाठी नांदायला येते. कादंबरीकार म्हणून सांगतो, असला योगायोग मी लिहायला धजलो नसतो.

परक्या माणसाने आमचा इतिहास लिहावा ही साताऱ्याला नवी गोष्ट नाही. १८१८ साली साताऱ्याला आलेला पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ हा स्कॉट माणूस तिशीतही नव्हता. चार वर्षांत प्रकृती ढासळून तो परत गेला, पण जाताना कागदपत्रांचा प्रचंड अभ्यास घेऊन गेला आणि १८२६ साली त्याने मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड काढले. आमच्या पणजोबांनी शाळेत आपला इतिहास शिकला तो त्याच्याच भाषांतरातून. त्याच्यावर आमच्या विद्वानांनी पुढे पुष्कळ आसूड ओढले, आणि ते ओढणे आवश्यक होते. पण आसूडापेक्षा कामी आले ते मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचे उत्तर. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणारे हे शिक्षक. शाळा सांभाळून ते पटवर्धनांच्या दप्तरातल्या मोडी चिठ्ठ्या उकलीत बसले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड त्यांनी काढले. छावणीतून लिहिलेली ती पत्रे वाचा. पगार थकले, घोडे मेले, अमक्याच्या मनात काय आहे कळत नाही, उत्तर लौकर पाठवावे. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. रहस्यकथेतली उत्कंठा लेखकाने निर्माण केलेली असते. ह्या पत्रांतली खरी आहे.

साताऱ्याचे सर्वांत मोठे रहस्य मात्र कोणालाच उकललेले नाही. छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे कंपनीच्या भागीदारांपुढे, संसदेच्या सभासदांपुढे भांडत राहिले. फिर्याद चालू असतानाच १८४७ साली छत्रपती वारले, आणि १८४८ साली राज्यही खालसा झाले. रिकाम्या हातांनी परतलेल्या ह्या म्हाताऱ्याने १८५७ साली साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा माणसांना मारले. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले आणि नाहीसे झाले. कोठे गेले, कोणाकडे राहिले, कोठे मेले, कोणालाही माहीत नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९४८ साली त्यांचे चरित्र लिहिले. शेवटचे प्रकरण त्यांनाही सापडले नाही.

रंगो बापूजींचे सांगणारे कोणी उरले नाही. प्रतिसरकारचे अगदी परवापर्यंत होते. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी २०१७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, पत्रकार पी. साईनाथ ह्यांना सांगितलेली हकिगत घ्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका सोबत्याने त्यांना मारहाण करण्याचे सोंग आणले, शिपाई सोडवायला धावले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातली हत्यारे पळविली. सोंग खरे वाटावे म्हणून मार खराच खावा लागला. गोव्याच्या कैदेतला सोबती सोडविताना ह्या बाई रात्री लाकडी पेटीवर तरंगत मांडवी ओलांडून आल्या. एवढे करूनही पुस्तकांत त्यांचे नाव शोधायला भिंग लागत असे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेल ऑम्व्हेट वारल्या आणि सप्टेंबरात हौसाताई.

कागदांचीही तीच गत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा सांगली नगर वाचनालयाच्या ग्रंथांचा जो चिखल झाला त्यात कितीतरी जुनी, पुन्हा न मिळणारी पुस्तके गेली. रहस्यकथा पुन्हा छापता येतील.

मागील वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी नववीच्या मुलांना नेहमीचा निबंध न देता एवढेच सांगितले की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बेचाळीस सालचे, किंवा त्याने आईबापांकडून ऐकलेले, काहीही एक विचारून या. बहुतेकांनी नाना पाटलांवर पाठ्यपुस्तकातला उतारा उतरवून आणला. कुंडलकडच्या एका मुलाने पणजीला विचारले होते. त्याच्या वहीत चारच ओळी होत्या. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची. आई पहाटे घरातल्या माणसांच्या मानाने जास्त भाकरी थापायची आणि टोपलीत शेणी वर घालून तिच्या डोक्यावर द्यायची. ओढ्यापलीकडच्या उसात टोपली ठेवायची, मागे न बघता यायचे. उसात कोण होते ते आईने सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही. भाकरी किती असायच्या, हे पोराने विचारले होते. सतरा, असे ती म्हणाली. टोपली जड व्हायची म्हणून मोजल्या होत्या.